वरचा दोरा

जळकोटच्या रुद्राणीला वाकडं काही खपत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर जरासं कललं तरी ती हातातलं काम टाकून उठे. गाठ मारायची तर अशी, की सोडणाऱ्यानं दातच लावावेत. डब्यांची झाकणं ती इतकी आवळून लावी की तिचा नवरा संगमेश्वर चहात साखर घालायला पक्कड घेऊन बसायचा. "आमच्या घरात चहा प्यायचा म्हणजे आधी कुस्ती," असं तो आपल्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा. ते फिरून रुद्राणीच्या कानावर आलं, की त्या संध्याकाळी झाकण आणखी अर्धा आटा आत गेलेलं असायचं.

अशी बाई शिवणकामात पडली नसती तरच नवल. माहेर कंधारचं. लग्नाआधी नांदेडला मावशीकडे राहून तिनं शिवणाचा क्लास केला होता. सासरी येताना पेटीत साड्यांच्या वर टेप, खडू, लाकडी पट्टी आणि कागदावर कापलेले ब्लाउजचे नमुने होते. सासरच्या घरात शिलाई मशीन आहे हे तिला ठाऊक होतं. त्या मशीनपुढे सासू बसलेली असते आणि ती सहजी उठत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

अंबिकाबाईंनी जन्मात टेप वापरला नव्हता. आलेल्या बाईकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघायचं, पाठीवर वीत टाकायची आणि कात्री चालवायची. रुद्राणी हे बघायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे ब्लाउज अंगात अगदी बेतशीर बसायचं. सासू-सुनेचं भांडण असं कधी झालं नाही; पण एक टेप घेऊन उभी आणि दुसरी वीत टाकून मोकळी, असा त्यांचा बरीच वर्षं संसार चालला. मग अंबिकाबाईंच्या हातून दोऱ्याचे रंग चुकायला लागले. निळ्या कापडाला हिरवा दोरा लागला, तेव्हा त्या स्वतःच स्टुलावरून उठल्या. "डोळे जरा मंद झालेत. आता तू बस," एवढंच म्हणाल्या आणि दाराजवळच्या बाजेवर जाऊन बसल्या.

उठताना त्यांनी आपल्याकडे एकच हक्क ठेवला. हे काळं पायमशीन त्यांचे मालक गुरुपादप्पा यांनी लातूरहून एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं. दारात उतरवल्यावर गुरुपादप्पांनी आधी त्याला विभूती लावली होती आणि म्हणाले होते, "घरात नवीन माणूस आलंय, नुसतं कसं आत घ्यायचं?" त्या दिवसापासून अंबिकाबाई रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करत, स्वतःच्या कपाळाला विभूती लावत आणि मग बोटांना उरलेल्या ओल्या विभूतीनं मशीनवर तीन पट्टे ओढत. गुरुपादप्पा गेले, तरी पट्टे चुकले नाहीत. रुद्राणी मागून येई आणि कामाला बसण्याआधी फडकं घेऊन अख्खं मशीन पुसून काढी. विभूतीशी तिचं वैर नव्हतं, घरात सगळेच शिवाचे. पण अलीकडे ते पट्टे तिरपे-तारपे, फरफटलेले असायचे आणि ते बघत शिवायला बसणं तिच्यानं होत नव्हतं.

तिला खुपत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं मशीन ती चालवत होती, तरी गावातल्या बाया म्हणायच्या, "अंबिकाबाईच्या घरची शिवण." बेत रुद्राणीचा, टेप रुद्राणीचा, पाठ रुद्राणीची दुखायची आणि नाव बाजेवर बसलेल्या सासूचं. म्हणून गल्लीतली मंजुश्री लग्न ठरल्यावर कापडांची पिशवी घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "आई उदगीरला टाकू म्हणत होती, पण मला रुद्राणी वैनीच्या हातचेच पाहिजेत," तेव्हा रुद्राणीला आभाळ ठेंगणं झालं. लग्नाचे सगळे ब्लाउज! मांडवात आठ गावच्या बाया बघणार आणि विचारणार, कुणी शिवलं गं? या एका प्रश्नाच्या उत्तरात आपलं नाव यावं, एवढीच तिची इच्छा होती. ती काही फार मोठी नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच मशीननं दगा दिला.

वरून शिवण अगदी देखणी दिसे. कापड उलटं करावं, तर खाली दोऱ्याची नुसती वेटोळी. टोक धरून ओढलं की दोरा सरसर निघून हातात यायचा. रुद्राणीनं पदर खोचला. खाली गुंता होतो म्हणजे खालच्या दोऱ्यात दोष, हा तिचा हिशोब. तिनं बॉबिनची डबी काढली आणि तिचा बारका स्क्रू आवळला. गुंता गेला नाही. आणखी आवळला. आता खालचा दोरा तुटायला लागला, वेटोळी होतीच. मग सुई बदलली. रीळ बदललं. दात्यांमधला कापूस ब्रशनं काढला, तेल घातलं. मशीन शहाण्यासारखं फिरायचं आणि खाली हवा तो गोंधळ घालायचं.

अंबिकाबाई बाजेवरून टकटक ऐकत होत्या. "आण बरं इकडं," त्या म्हणाल्या. रुद्राणीनं कापड त्यांच्या मांडीवर टाकलं. त्यांनी ते उलटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हे खालचं दुखणं न्हाई. वरचा दोरा ढिला पडून राहिला. खाली गुंता दिसला की वर बघावं. मशीनचा पाय उचलून दोरा पुन्यांदा ओव."

खरं तर सल्ला सोळा आणे बरोबर होता. वरचा दोरा ज्या दोन चकत्यांच्या मधून जातो त्या चकत्यांनी त्याला चिमटीत धरायला हवं. त्यांनी धरलं नाही तर तो मोकाट सुटतो आणि खाली जाऊन गुंता करतो. नांदेडच्या क्लासमध्येही हेच शिकवलं होतं. पण तेच बाजेवरून आलं म्हणून रुद्राणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ओवलाय की, आत्या. मला काय ओवता येत न्हाई का?" ती म्हणाली. तरी गुपचूप पुन्हा ओवला, त्या चकत्या दाबणारं टेन्शनचं बटण आवळत आवळत शेवटपर्यंत नेलं. फरक पडला तो चिमूटभर. तिनं मनाशी ठरवून टाकलं, की म्हातारीचंही चुकतंय.

त्याच आठवड्यात पंचशीला मॅडम आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, स्वभाव गोड, आवाज हळू. त्यांनी पिशवीतून ब्लाउज काढलं आणि दोन्ही हातांनी रुद्राणीपुढे ठेवलं. "वैनी, शाळेच्या कार्यक्रमात बगल उसवली. वरून शाल होती म्हणून बरं." रागावल्या असत्या तर रुद्राणीला सोपं गेलं असतं. तिच्याकडे शब्दाला शब्द भरपूर होते. पण मॅडम उठताना सहज बोलून गेल्या, "काकूंनी शिवलेलं एक अजून वापरून राहिले मी, टाकाही हालला न्हाई." त्या गेल्यावर रुद्राणी मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून आली.

आता तिच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. सकाळी मशीन सगळ्यात वाईट वागायचं. दिवसभर चालवून चालवून संध्याकाळपर्यंत वेटोळी कमी व्हायची, शिवण बरीच धरायची. रुद्राणी समाधानानं झाकण घालायची. सकाळी बसावं, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"माझ्या मागं मशीनला कुणीतरी हात लावून राहिलंय," ती जेवताना संगमेश्वरला म्हणाली.

"मी न्हाई बाबा. माझ्यानं साखरेचा डबा उघडत न्हाई, मशीन कुठं उघडू?"

घरात तिसरं माणूस एकच होतं. रुद्राणीनं बाजेकडे पाहिलं. आपलं नाव मोठं होतंय ते सासूला सोसत नसेल का, असं एकदा मनात आलं आणि ते तिथंच ठाण मांडून बसलं. माणसाचं मन एकदा वाकड्यात शिरलं की पट्टी लावून सरळ होत नाही. तिनं आवाज चढवला, बाजेवर ऐकू जाईल एवढा. "हे मशीनच देऊन टाकू आपण. मोटारीचं नवीन घेऊ. या जुन्या धुडावर माझं नाव जाऊन राहिलं."

संगमेश्वर आईकडे बघत राहिला. अंबिकाबाईंचा घास हातातच थांबला होता. मग त्या म्हणाल्या, "मंजीचे ब्लाउज होऊ दे. मग दे." आणि ताटातलं तसंच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मशीनपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ पुटपुटत उभ्या होत्या. रुद्राणी त्यांच्या जाण्याची वाट बघत फडकं घेऊन दारात थांबली होती.

त्या दिवशी तिनं मंजुश्रीचं शालूवरचं ब्लाउज घेतलं. कापड गर्द डाळिंबी, त्याला जोडीचा डाळिंबी दोरा. एवढे दिवस ती परकर आणि फिकी कापडंच शिवत होती. आधी चिंधीवर एक टीप मारून पाहिली. वेटोळी तर होतीच, पण आज आणखी काहीतरी होतं. डाळिंबी दोरा सुईत शिरताना पांढुरका झालेला होता. तिनं तो चिमटीत धरून चोळला. बोटांना भुरकी लागली. तिनं वास घेतला.

वास देवघराचा होता.

रुद्राणीनं टेन्शनचं बटण फिरवून फिरवून काढलं, स्प्रिंग काढली आणि चकत्या तळहातावर घेतल्या. दोन्हींच्या मध्ये विभूती बसली होती. तेल आणि पाणी पिऊन तिची घट्ट वडी झाली होती. दिवसभर दोरा ती थोडी थोडी ओढून नेई आणि सकाळी नवी भर पडे. चकत्या मिटणार कशा आणि दोरा धरणार कसा? वरचा दोरा ढिला, हे म्हातारीचं म्हणणं खरं होतं. आणि ढिला करणारी पण तीच!

रुद्राणीचा संताप मस्तकात गेला. चकत्या मुठीत घेऊन ती तरातरा मधल्या खोलीत गेली. तिथं अंबिकाबाई भिंतीशी पूजेला बसल्या होत्या. त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा पूजेला बसावंसं वाटलं होतं. डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर. लिंगपूजा चालू असताना हाक मारायची नाही हा घरचा नियम, आणि रुद्राणी कितीही तापट असली तरी नियम मोडणारी नव्हती. ती चौकटीला टेकून उभी राहिली. बोलायचं ते तिनं दाताखाली दाबून धरलं.

उभं राहिल्यावर बघण्याशिवाय दुसरं काम नसतं. सासूकडे असं निवांत बघून तिला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. अंबिकाबाईंनी बेलाचं पान घ्यायला उजवा हात पुढे केला. तो ताटलीच्या अलीकडे, फरशीवर पडला. मग फरशी चाचपत काठापर्यंत गेला, काठावरून आत उतरला, पाणी हाताला लागलं तसा मागे आला आणि मग पान सापडलं. पान लिंगावर ठेवण्याआधी त्यांनी अंगठ्यानं लिंग कुठं आहे ते पाहिलं. कपाळावरचा विभूतीचा एक पट्टा भुवईतून खाली डोळ्यापर्यंत ओघळला होता. दारातून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं आणि पापणी लवत नव्हती. रुद्राणी समोर उभी होती, पण त्यांना ती दिसली नव्हती.

रुद्राणीच्या मुठीत चकत्या रुतल्या. अंगठ्यानं शिवण बघणं, दारातल्या माणसानं तोंड उघडल्याशिवाय "कोण आलंय" हे न ओळखणं, ते फरफटलेले पट्टे, सगळं तिला एकदम आठवलं. रोज पुसून टाकलेले पट्टे. म्हातारी घाई करते, असं म्हणून पुसलेले. आणि पुसता पुसता उरलेली विभूती चकत्यांच्या फटीत कुणी कोंबली, तर तिच्याच त्या फडक्यानं. तिला स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती.

पूजा आटोपली. अंबिकाबाईंनी लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं, ताटलीतली विभूती बोटांना घेतली आणि भिंतीला हात लावत मशीनकडे निघाल्या. सकाळी एकदा लावून झाली होती, पण मशीन जाणार हे ऐकल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रुद्राणी आवाज न करता मागे गेली. अंबिकाबाईंचा हात चाकाला लागला, चाकावरून मशीनच्या खांद्यावर, तिथून सरकत डाव्या टोकाला. तिथं त्या काहीतरी शोधत होत्या. चकत्या नव्हत्या, उघडा दांडा हाताला लागला. त्या दचकल्या.

"हितलं गोल कुठं गेलं?"

"माझ्यापाशी हाय, आत्या," रुद्राणी म्हणाली आणि तिनं त्यांचं ओलं मनगट धरलं.

मनगट इतकं हलकं असेल असं रुद्राणीला वाटलं नव्हतं.

"कळलं का गं तुला?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या अलीकडं पलीकडं. आदी मशीनवरली सोनेरी नक्षी दिसायची, तिच्यावर बोटं वढायची मी. मग ती दिसंना. हाताला गोल लागलं की समजायचं, मशीनचं तोंड आलं. तोंडाला लावलेली काय वाईट?" मग त्यांच्या ध्यानात आलं असावं. धंद्यातली बाई, किती झालं तरी. त्यांनी रुद्राणीच्या मुठीवर हात ठेवला, मूठ उघडली आणि चकत्यांवरून अंगठा फिरवला. खरखरीत वडी लागली तसा त्यांचा चेहरा पडला. "यव्वा! मीच का गं? तू बेजार झालीस की मी आणखी लावायची. सुधरू दे म्हणून लावायची गं, रुद्रे."

"सांगायचं तरी, आत्या."

"काय सांगू? आंधळी म्हणलं की तुम्ही बाजंवर बसवून वाढलं असतं मला. चांगलंच वाढलं असतं, मला म्हाईत हाय. पण मशीनपाशी कोण येऊ दिलं असतं? ह्यांच्यामागं तेवढंच एक काम उरलंय मला."

रुद्राणीनं अंबिकाबाईंना स्टुलावर बसवलं, त्यांच्याच जुन्या स्टुलावर. रॉकेलचा बोळा केला आणि चकत्या घासायला घेतल्या. एक तिनं घासली, एक त्यांनी. बसवताना अंबिकाबाईंची बोटं तिच्यापेक्षा लवकर चालली. वरचा दोरा ओवून तिनं टीप मारली. आता खाली गुंता नव्हता, पण खालचा दोरा ताणून तुटला.

"बॉबिनचा स्क्रू किती आवळलास?" अंबिकाबाई.

रुद्राणीनं डबी काढून पुढे केली.

"ढिला कर. घाबरू नको, पडत न्हाई."

रुद्राणीनं स्क्रू सोडवला. तिच्या हाताला ती सवय नव्हती, थोडा सोडून ती थांबली. "आणखी," अंबिकाबाई म्हणाल्या, "आणखी उलीसा." मग डाळिंबी कापडावर टीप चालली. रुद्राणीनं ते आधी स्वतः उलटून पाहिलं नाही. सासूच्या मांडीवर ठेवलं. अंगठा शिवणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"आता शिव," त्या म्हणाल्या. "मंजीला सांग, रुद्राणीनं शिवलं. माझं नाव घेऊ नको."

संध्याकाळी संगमेश्वर दुकानातून आला तेव्हा रुद्राणीनं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. मशीन कुठं जात नाही, ही पहिली. उद्या दुकान बंद ठेवून आत्यांना उदगीरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, ही दुसरी. तो खाली बसला आणि त्यानं आईच्या पायावर हात ठेवला. दृष्टी परत येईल की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. अंबिकाबाईंना तर त्याची फार आशाही दिसली नाही. त्यांना चिंता वेगळी होती आणि ती त्यांनी रात्री पडताना बोलून दाखवली. "मग आता विभूती कुठं लावू गं मी? मशीनला लावली की पुन्हा तुझ्या दोऱ्यात जाईल."

सकाळी एसटीला निघायच्या आधी पूजा झाली. अंबिकाबाई ओली बोटं हवेत धरून बसून राहिल्या. रुद्राणी बाहेरून आली, हातातली पिशवी ठेवली आणि त्यांच्यापुढे खाली बसली. सासूचं मनगट धरून तिनं ते आपल्या कपाळापाशी आणलं.

"हितं लावा. मशीन मीच चालवते की."

अंबिकाबाईंनी आधी दुसऱ्या हातानं तिचं कपाळ चाचपलं. केसांची रेघ कुठं, भुवया कुठं. मग तीन बोटं ओढली. पट्टे डावीकडून सुरू झाले आणि उजवीकडे जाईपर्यंत खाली घसरले, एक तर थेट कानशिलावर गेला.

स्टँडवर मंजुश्री भेटली. ब्लाउजांचं काय झालं विचारायला ती लगबगीनं आली, पण रुद्राणीच्या तोंडाकडे बघून थबकली. कॅलेंडर तिरपं झालं तरी उठणारी ही बाई, आणि तिच्या कपाळावर हे काय! "वैनी, विभूती पार वाकडी झाली की हो. थांबा, पुसून देते," म्हणत तिनं रुमाल पुढे केला.

रुद्राणीनं तिचा हात अलगद बाजूला केला. दुसऱ्या हातात सासूचा हात होता, तो तिनं सोडला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "आत्यांनी लावलीय. तुझ्या ब्लाउजांची शिवण पण त्यांनीच नीट करून दिली."